घरातल्या धुळीतील रसायने : नमुना कसा घ्यावा आणि अहवालातील आकडा कसा वाचावा

मापनकार (धागालेखक)

गेल्या महिन्यात एका परिचित कुटुंबाने घरातील धुळीच्या तपासणीचा अहवाल माझ्याकडे वाचायला पाठवला. पुण्यातील जुन्या वाड्यातल्या त्यांच्या खोल्यांचे दिवाळीपूर्वी रंगकाम झाले होते. रंगाऱ्यांनी खिडक्यांवरचा जुना ऑइलपेंट सँडपेपरने घासून काढला होता, आणि घरात दीड वर्षांची मुलगी असल्यामुळे आईवडिलांना शिशाची धास्ती वाटू लागली होती. अहवालात एकच ओळ होती : शिसे, ४१० मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम. धूळ घराच्या कोणत्या भागातून घेतली, कशाने गोळा केली, किती जागेवरून घेतली, चाळली की नाही, यांपैकी कशाचाही उल्लेख नव्हता. रासायनिक विश्लेषणाच्या कामात माझी बावीस वर्षे गेली आहेत, तरीही त्या एका आकड्यावरून त्या आईला मी काहीच ठाम सांगू शकलो नाही. याची मला मनापासून खंत वाटली, आणि म्हणूनच हा धागा काढत आहे.

धुळीची तपासणी करण्यामागचे कारण सरळ आहे. घरात ऊन, पाऊस आणि मातीतले जिवाणू यांचा वावर कमी असल्यामुळे बाहेर काही आठवड्यांत विघटन पावणारी अनेक रसायने घरात वर्षानुवर्षे टिकतात. प्लास्टिक मऊ करणारी थॅलेट्स, फोमच्या गाद्यांमध्ये आणि टीव्हीच्या आवरणात मिसळलेली अग्निरोधके, डास व वाळवी मारण्याची औषधे ही सगळी आपापल्या वस्तूंमधून हळूहळू बाहेर पडतात आणि शेवटी धुळीच्या कणांवर बसतात. अमेरिकेतील केप कॉड परिसरातल्या १२० घरांची हवा आणि धूळ तपासणारा एक अभ्यास २००३ साली प्रसिद्ध झाला. त्यात हवेमध्ये ५२ आणि धुळीमध्ये ६६ संयुगे सापडली. त्या देशात १९७२ साली बंदी आलेले डीडीटी हे कीटकनाशकही त्यांत होते. भारतात डीडीटीचा शेतीतील वापर १९८९ साली बंद झाला, परंतु कीटकजन्य रोगांच्या नियंत्रणासाठी तो चालू राहिला, हे लक्षात घेतले तर आपल्याकडच्या जुन्या घरांच्या माळ्यांवर काय साठून राहिले असेल हा प्रश्न गंभीरपणे विचारण्याजोगा आहे.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. धुळीतील दूषिताचे, म्हणजे तिला दूषित करणाऱ्या पदार्थाचे, मोजमाप दोन अगदी वेगळ्या प्रकारे सांगितले जाते आणि बहुतेक गैरसमज या दोहोंची गल्लत केल्याने होतात. पहिला प्रकार म्हणजे धुळीच्या दर ग्रॅममागे किती मायक्रोग्रॅम दूषित आहे (वरच्या अहवालातील मिलिग्रॅम प्रति किलोग्रॅम हेच माप). दुसरा प्रकार म्हणजे दर चौरस फूट जमिनीवर किती मायक्रोग्रॅम दूषित पडलेले आहे. समजा, एका घरातील धुळीत दर ग्रॅममागे १००० मायक्रोग्रॅम शिसे आहे, परंतु घर रोज पुसले जात असल्याने चौरस फुटावर जेमतेम ५ मिलिग्रॅम धूळ आहे. तेथे चौरस फुटामागे शिसे भरेल ५ मायक्रोग्रॅम. दुसऱ्या घरातील धुळीत दर ग्रॅममागे १०० मायक्रोग्रॅमच शिसे आहे, पण चौरस फुटावर अर्धा ग्रॅम धूळ साचली आहे, तर तेथे ते ५० मायक्रोग्रॅम भरेल. पहिल्या मापाने पहिले घर दहापट वाईट ठरते, तर दुसऱ्या मापाने दुसरे. जमिनीवर रांगणाऱ्या मुलाच्या हाताला काय लागेल हे दुसरे माप अधिक चांगले सांगते. धुळीत दूषित कुठून आले याचा शोध घ्यायचा असेल तर पहिले माप उपयोगी पडते.

नमुना घेण्याच्या पद्धतीही यानुसार बदलतात. चौरस फुटामागचे प्रमाण हवे असेल तर ओल्या वाइपने, म्हणजे पुसण्याच्या ओलसर कागदी रुमालाने, नमुना घेतात. जमिनीवर चिकटपट्टीने १ फूट बाय १ फूट चौकट आखायची, नवे हातमोजे घालायचे, वाइपने एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत नागमोडी पुसत जायचे, वाइप मळकी बाजू आत ठेवून दुमडायचा, मग आडव्या दिशेने तसेच पुसायचे, पुन्हा दुमडून शेवटी कडा आणि कोपरे पुसायचे, आणि तो वाइप टणक नळीत बंद करायचा. साध्या पिशवीत तो ठेवू नये, कारण धूळ पिशवीच्या आतल्या बाजूला चिकटून राहते आणि प्रयोगशाळेत पोहोचतच नाही. दर ग्रॅममागचे प्रमाण हवे असेल तर व्हॅक्यूम क्लीनरच्या अरुंद तोंडात सेल्युलोजची टोपी बसवून तिच्यात धूळ पकडतात. ती चाळून घेतात, केस, धागे आणि खडे बाजूला काढतात, आणि मगच वजन करतात. शिशासाठी १५० मायक्रॉनची चाळणी बरीच वापरली जाते, कारण त्याहून बारीक कण हाताला चिकटतात आणि तेथून तोंडात जातात.

प्रयोगशाळेत पुढे काय होते ते प्रश्न येतील तसे लिहीन.

जुनावाडा

धागा वेळेवर आला. आमच्याकडे व्हॅक्यूम क्लीनर नाही आणि बहुतेक घरांत तो नसतोच. केरसुणीने काढलेला केर सुपलीत गोळा करून दिला तर चालणार नाही का? वरच्या अहवालातला नमुनाही कदाचित असाच घेतला गेला असेल, असे मला वाटते.

मापनकार

आपला अंदाज बरोबर आहे. मी नंतर चौकशी केली तेव्हा कळले की तीन खोल्यांचा दोन दिवसांचा केर एकत्र करून पाठवला होता. केरसुणीच्या केराची अडचण अशी की झाडताना सर्वांत बारीक कण हवेत उडतात आणि काही वेळाने पुन्हा जमिनीवर बसतात. सुपलीत येते ती प्रामुख्याने वाळू, चपलांबरोबर आलेली माती, धान्याचे कण आणि केस. शिसे किंवा अग्निरोधके यांचे दर ग्रॅममागचे प्रमाण बारीक कणांवर सहसा जास्त असते. म्हणजे केरसुणीने घेतलेला नमुना खरे प्रमाण कमी दाखवण्याची शक्यता अधिक. त्यातून तीन खोल्या एकत्र केल्या की ज्या एका खिडकीखाली रंगाचा भुगा पडला असेल तिची माहिती उरलेल्या मातीत बुडून जाते. व्हॅक्यूम नसेल तर वाइप वापरावा. आपल्या शहाबादी, मोझॅक किंवा व्हिट्रिफाइड फरशीवर वाइपने फार चांगला नमुना मिळतो. शेणाने सारवलेल्या जमिनीवर मात्र ही पद्धत लागू पडत नाही.

न्यूजर्सीकर

येथील एक अनुभव लिहितो. आम्ही घेतलेले घर १९५० च्या दशकातले आहे. अमेरिकेत घरगुती वापराच्या शिसेयुक्त रंगांवर १९७८ साली बंदी आली, त्यामुळे त्यापूर्वीच्या प्रत्येक घराकडे संशयाने पाहिले जाते, आणि २०१० पासून अशा घरांत रंग खरवडण्याचे काम प्रशिक्षित व प्रमाणित कंत्राटदारानेच करावे असा नियम आहे. काम संपल्यावर आमच्याकडे फरशी आणि खिडकीची चौकट यांचे वाइप नमुने घेतले गेले. मला ठळकपणे जाणवले ते हे की मर्यादा काळानुसार खाली खाली येत गेल्या. २००१ साली फरशीसाठी चौरस फुटामागे ४० मायक्रोग्रॅम आणि खिडकीच्या कट्ट्यासाठी २५० मायक्रोग्रॅम ही धोक्याची पातळी ठरली होती. २०१९ च्या नियमाने ती १० आणि १०० वर आली. २०२४ च्या नियमानुसार मान्यताप्राप्त प्रयोगशाळेला नोंदवता येण्याजोगे कोणतेही प्रमाण धोक्याचे मानले जाते, आणि काम पूर्ण झाल्यावर उरलेले शिसे फरशीवर ५, कट्ट्यावर ४० आणि खिडकीच्या खाचेत १०० मायक्रोग्रॅमच्या खाली असावे लागते. शिशाची निर्धोक अशी पातळी आढळत नाही, हे जसजसे स्पष्ट होत गेले तसतसे हे बदल झाले.

भारतात रंगांसाठी अशी मर्यादा आहे का?

मापनकार

रंगासाठी आहे. घरगुती व सजावटीच्या रंगांतील शिशाविषयीचे नियम २०१६ साली अधिसूचित झाले आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ९० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत ९० भाग, ही मर्यादा लागू झाली. म्हणजे त्यापूर्वी लावलेला ऑइलपेंट, विशेषतः पिवळा, नारिंगी, लाल आणि हिरवा, संशयास्पद धरून चालणे योग्य. कारण या छटांसाठी लेड क्रोमेट या शिसे आणि क्रोमियम असलेल्या रंगद्रव्याचा वापर मोठ्या प्रमाणावर होत असे. हिरवा रंगही पुष्कळदा पिवळ्या क्रोमेटमध्ये निळे मिसळून बनवला जाई, आणि आपल्या वाड्यांच्या दारे-खिडक्या बहुतांशी हिरव्याच असतात, हे मला मुद्दाम नोंदवावेसे वाटते. दुसरा जुना स्रोत म्हणजे शिसेयुक्त पेट्रोल. ते देशभरात २००० साली बंद झाले, तरी रस्त्याकडेच्या मातीत बसलेले शिसे पायांबरोबर अजूनही घरात येऊ शकते.

पारिजातक

शिशाविषयी समजले. परंतु आमच्या घरात बारा महिने डास घालवण्याची लिक्विडे चालू असतात, देवघरात रोज धूप-उदबत्ती असते, वाळवीसाठी दोनदा औषध मारून घेतले आहे, आणि सोफ्याचा फोम पंधरा वर्षांचा आहे. धुळीचा एकच नमुना देऊन त्यात काय काय आहे ते सगळे शोधून मिळते का?

मापनकार

हा प्रश्न फार महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो. सगळे शोधणारी एकच तपासणी नसते. काय शोधायचे हे आधी ठरवावे लागते, कारण धूळ विरघळवण्याच्या पहिल्याच पायरीला वाटा फुटतात.

शिसे, कॅडमियम, क्रोमियम अशा धातूंसाठी धूळ नायट्रिक आम्लात तापवून पचवतात आणि तो द्राव धातूंचे प्रमाण मोजणाऱ्या आयसीपी-एमएस किंवा अ‍ॅटॉमिक अ‍ॅब्झॉर्प्शनच्या यंत्रात मोजतात. सेंद्रिय संयुगांसाठी आम्ल चालत नाही, तेथे हेक्झेन, अ‍ॅसिटोन किंवा डायक्लोरोमिथेनसारख्या द्रावकाने ती धुळीतून काढून घ्यावी लागतात. त्यांतील जी उष्णतेने वाफ होऊन न बिघडता पुढे सरकतात ती गॅस क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे वायूच्या प्रवाहाबरोबर कॉलम नावाच्या लांब नळीतून नेऊन, वेगळी करून मास स्पेक्ट्रोमीटरमध्ये, म्हणजे रेणूंच्या वजनावरून ते ओळखणाऱ्या यंत्रात, ओळखतात. आपल्या घरातील लिक्विडांमधले ट्रान्सफ्लुथ्रिन, वाळवीच्या औषधातील क्लोरपायरिफॉस, धुपाच्या काजळीतील बेंझोपायरिनसारखी संयुगे आणि प्लास्टिकमधील थॅलेट्स या वाटेने जातात. न चिकटणाऱ्या किंवा डाग न धरणाऱ्या लेपांतील फ्लोरिनयुक्त आम्ले मात्र लिक्विड क्रोमॅटोग्राफीने, म्हणजे वायूऐवजी द्रवाच्या प्रवाहात वेगळी करून, शोधावी लागतात.

एकेका संयुगाचा स्वभावही सांभाळावा लागतो. डेकाबीडीई हे अग्निरोधक टीव्ही आणि संगणकांच्या आवरणांत भरपूर वापरले गेले. त्याच्या एका रेणूत ब्रोमीनचे दहा अणू असतात. प्रकाशात त्यातले ब्रोमीन सुटू लागते, म्हणून नमुना तपकिरी काचेच्या बाटलीत किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलमध्ये गुंडाळून ठेवतात. यंत्राच्या उष्णतेतही ते तुटते, म्हणून नेहमीपेक्षा आखूड कॉलम वापरून त्याला लवकर बाहेर काढतात. एवढी काळजी घेतली नाही तर अहवालात डेकाबीडीई कमी दिसते आणि वाचणारा निर्धास्त होतो.

थॅलेट्सच्या बाबतीत चूक नेमकी उलट दिशेने होते. माझ्या सुरुवातीच्या काळातील एक चूक सांगतो. आम्ही धुळीचे आठ नमुने आणि एक ब्लँक, म्हणजे धूळ न घालता सर्व पायऱ्यांतून नेलेला कोरा नमुना, तपासायला घेतला होता. आठही नमुन्यांत डीईएचपी हे थॅलेट सापडले तेव्हा आम्हाला समाधान वाटले. मग ब्लँकचा आलेख पाहिला, तर तेथेही तेच शिखर जवळजवळ तेवढ्याच उंचीचे उभे होते. द्रावक ओतण्यासाठी वापरलेल्या प्लास्टिकच्या नळीतून ते आले होते. आठवड्याचे काम टाकून द्यावे लागले. तेव्हापासून थॅलेट्ससाठी फक्त काचेची भांडी, तीही ४५० अंश सेल्सिअसला भाजून घेतलेली, हा नियम मी कधी मोडला नाही. म्हणून सांगतो, अहवाल हातात आला की आधी ब्लँकचा आकडा मागा. तो दिलेला नसेल तर थॅलेट्सच्या आकड्यावर विश्वास ठेवू नका.

ब्लँकच्या जोडीला प्रमाणित संदर्भ नमुनाही हवा. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेने खऱ्या घरांतील व हॉटेलांतील व्हॅक्यूमच्या पिशव्यांमधली धूळ गोळा करून, १०० मायक्रॉनच्या चाळणीतून काढून, नीट एकजीव करून बाटल्यांत भरली आहे. सेंद्रिय संयुगांसाठी तिचा क्रमांक २५८५ आहे, आणि धातूंसाठी २५८३ व २५८४. त्या बाटलीत काय किती आहे हे आधीच ठरलेले असल्यामुळे प्रयोगशाळा आपल्या पद्धतीने ती धूळ तपासते आणि आपले उत्तर त्याच्याशी जुळते का ते पाहते. हे जुळवून पाहिलेले नसेल तर यंत्र कितीही महागडे असले तरी त्याचा उपयोग नाही.

आपण विचारलेल्या सगळे शोधण्याच्या दिशेने संशोधन चालू आहे हेही सांगतो. उच्च विभेदनाच्या मास स्पेक्ट्रोमीटरने आधी यादी न ठरवता धूळ वाचता येते. युरोपातील नॉर्मन या जाळ्यातल्या प्रयोगशाळांनी एकाच धुळीचा नमुना वाटून घेऊन २०१९ साली एकत्रित निष्कर्ष प्रसिद्ध केले, तेव्हा दोन हजारांहून अधिक संयुगांची ओळख पटवल्याचे त्यांनी नोंदवले. परंतु ते संशोधनाचे काम आहे. घरगुती तपासणीसाठी आपण दोन-तीन गटच निवडावेत, आणि आपल्या वर्णनावरून मी वाळवीच्या औषधापासून सुरुवात करीन.

प्रयोगशील

बाजारात मिळणाऱ्या रंग बदलणाऱ्या काड्या आणि क्ष-किरणांनी मूलद्रव्ये ओळखणारी, हातात धरायची एक्सआरएफ बंदूक यांच्याविषयी माझ्या कामातील निरीक्षणे देतो. सोडियम ऱ्होडिझोनेटच्या काड्या शिशाबरोबर गुलाबी-लाल होतात, पण त्या रंगाच्या थरासाठी बनवलेल्या आहेत. धुळीतील अल्प शिसे त्यांना दिसत नाही, आणि लाल रंगावर घासल्या तर नुसता सुटलेला रंगही शिसे असल्यासारखा भासतो. त्यामुळे काडी पांढरी राहिली म्हणून धूळ स्वच्छ ठरवणे धोक्याचे आहे.

एक्सआरएफ भिंतीवरील आणि दारावरील रंग न खरवडता तपासायला उत्तम. चाळलेली धूळ पुरेशी जाड भरली तर तिचाही ढोबळ अंदाज मिळतो, मात्र एक गोष्ट पाहावी लागते. यंत्र प्रत्येक मूलद्रव्य त्याच्या ठरावीक ऊर्जेच्या रेषांवरून ओळखते. शिशाची एक प्रमुख रेषा १०.५५ किलोइलेक्ट्रॉनव्होल्टला येते आणि आर्सेनिकची प्रमुख रेषाही जवळजवळ तेथेच असते. शिसे जास्त असले की यंत्र आर्सेनिकही दाखवू लागते. अशा वेळी शिशाची १२.६ जवळची दुसरी रेषा पाहून खात्री करावी लागते. आर्सेनिक सापडल्याचा अहवाल पाहून घाबरलेली दोन कुटुंबे मी पाहिली आहेत, आणि दोन्हीकडे आम्लात पचवून केलेल्या तपासणीत आर्सेनिक आढळले नाही.

बालआरोग्य

बालरोगतज्ज्ञ म्हणून एक मुद्दा मांडते. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या २०११ च्या पुस्तिकेत एक ते सहा वर्षांच्या मुलाच्या पोटात दिवसाला सुमारे ६० मिलिग्रॅम घरातील धूळ जाते असे धरले आहे. वरच्या अहवालातील ४१० हा आकडा खरा धरला तर दिवसाला सुमारे २५ मायक्रोग्रॅम शिसे पोटात जाईल. तुलनेसाठी, तेथील अन्न व औषध प्रशासन मुलांच्या आहारातील शिशाच्या बाबतीत दिवसाला २.२ मायक्रोग्रॅम ही संदर्भपातळी वापरते. मापनकार, आकडा अपुरा आहे हे मान्य, परंतु पालकांनी पुन्हा नमुना घेऊन उत्तर येईपर्यंत थांबू नये. मुलीच्या रक्तातील शिसे तपासून घ्यावे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली डेसिलिटरमागे ५ मायक्रोग्रॅमपासून पुढे स्रोत शोधून तो दूर करावा असे सांगितले आहे. बोटातून घेतलेल्या रक्तात हाताला लागलेली धूळ मिसळू शकते, म्हणून शिरेतील रक्त द्यावे.

मापनकार

आपले म्हणणे पूर्णपणे पटले आणि तसेच त्यांना कळवले आहे. माझ्या मूळ लेखात हे यायला हवे होते.

जुनावाडा

प्रयोगशाळा निवडताना काय विचारावे?

मापनकार

एनएबीएल या प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची मान्यता आहे एवढे पुरत नाही, कारण ती विशिष्ट चाचण्यांसाठी असते. पाण्यातील शिशासाठी मान्यता असलेली जागा धुळीतील किंवा वाइपवरील शिसे तपासण्यास सज्ज असेलच असे नाही. त्यामुळे मान्यतेच्या यादीत नेमका तो पदार्थ आणि ती पद्धत आहे का ते विचारावे. शोधमर्यादा, म्हणजे प्रयोगशाळेला ओळखता येणारे सर्वांत कमी प्रमाण, किती आहे तेही विचारावे. प्रयोगशाळेची शोधमर्यादा वाइपमागे २० मायक्रोग्रॅम असेल तर आढळले नाही या शेऱ्याचा अर्थ १९ असाही होऊ शकतो, आणि फरशीसाठी ५ ही पातळी पाहायची असेल तर तो अहवाल निरुपयोगी आहे. सोबत न वापरलेला एक वाइपही तसाच नळीत घालून नमुन्यांबरोबर अवश्य पाठवावा.

मापनकार

तीन आठवड्यांनंतर पुढची माहिती देत आहे. त्या कुटुंबाच्या घरी मी स्वतः जाऊन सहा वाइप घेतले आणि सातवा कोरा पाठवला. कोऱ्या वाइपवर शिसे शोधमर्यादेखाली, म्हणजे १ मायक्रोग्रॅमपेक्षा कमी आले. बाहेरच्या खोलीच्या आणि स्वयंपाकघराच्या फरशीवर चौरस फुटामागे अनुक्रमे ३ आणि २ मायक्रोग्रॅम, मुलीच्या खोलीत मध्यभागी ६, त्याच खोलीत खिडकीखाली ३८, खिडकीच्या कट्ट्यावर ३१० आणि झडपा बसतात त्या खाचेत ९४० आले. केराच्या एकत्र नमुन्यात यातले काहीच दिसण्याची सोय नव्हती. खाचेतील भुग्याचे थोडे कण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता शिसे आणि क्रोमियम एकाच कणात एकत्र दिसले, म्हणजे तो जुन्या हिरव्या रंगाचाच भुगा होता. बॅटरीतून किंवा डाग देण्याच्या कथिलातून शिसे आले असते तर सोबत अँटिमनी किंवा टिन दिसण्याची अपेक्षा होती.

मुलीच्या रक्ताची तपासणी झाली आहे आणि पुढचे त्यांचे डॉक्टर पाहत आहेत. खिडकी ओल्या फडक्याने, दर वेळी नवे फडके घेऊन, तीनदा पुसली, खाच ओल्या कापसाने कोरून काढली, आणि उरलेला जुना रंग न घासता त्यावर नवा थर देऊन बंद केला. पाळणा दुसऱ्या भिंतीकडे हलवला आहे. त्यानंतरच्या वाइपमध्ये कट्ट्यावर २२ आणि खिडकीखालच्या फरशीवर ४ मायक्रोग्रॅम आले, पण खाचेत अजून १३० आहेत. ती पुन्हा साफ करून पुढच्या रविवारी मी नवा नमुना घेणार आहे, आणि तो आकडा येथेच लिहीन.